लिनक्सवर चालणारे प्रिंटर आणि स्कॅनर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि चांगल्या स्थितीतले बरेच संगणक विंडोजऐवजी लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीकडे, म्हणजे तिच्या उबंटू, लिनक्स मिंट किंवा फेडोरा अशा प्रकारांकडे वळले. इंटरनेट चालतं, मराठी टाइप होतं, व्हिडिओ चालतो. गाडी अडते ती प्रिंटरपाशी, आणि त्याहून जास्त स्कॅनरपाशी. शाळा, वाचनालयं, छोटी ऑफिसं आणि झेरॉक्सची दुकानं चालवणारी मंडळी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

दुकानात जाण्यापूर्वी एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर कोणती?

कंपनीच्या नावावर जाऊ नका, प्रिंटर विनाड्रायव्हर, म्हणजे कंपनीचा खास प्रोग्राम संगणकावर न बसवता, चालतो का ते बघा. खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तांत्रिक तक्त्यात ‘एअरप्रिंट’, ‘मॉप्रिया’ किंवा ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ यांपैकी एखादं नाव असेल, तर तो प्रिंटर आजच्या कुठल्याही प्रमुख लिनक्सवर चालण्याची शक्यता फार मोठी आहे.

दुकानदार म्हणेल, “एअरप्रिंट तर आयफोनसाठी असतं.” बरोबर आहे, आणि नेमकं तेच आपल्या उपयोगाचं आहे. आयफोनमध्ये प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायची सोय नाही. म्हणून ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणताना अशी रीत ठरवली, की प्रिंटरनेच आपण कोण, कोणते कागद घेतो, रंग आहे का, दोन्ही बाजूंनी छापतो का हे सांगायचं, आणि ठरलेल्या स्वरूपात आलेलं पान छापायचं. फोनला जे पुरतं ते लिनक्सलाही पुरतं. अँड्रॉइडच्या बाजूने हेच काम २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी स्थापन केलेली मॉप्रिया संघटना करते. प्रमाणित यंत्रांची यादी मॉप्रियाच्या संकेतस्थळावर नावानिशी शोधता येते.

मॉडेलचं नाव मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. ‘डी’ म्हणजे दोन्ही बाजूंनी छपाई, ‘एन’ म्हणजे नेटवर्कची तार, ‘डब्ल्यू’ म्हणजे वाय-फाय, असा बऱ्याच कंपन्यांचा संकेत असतो. आकडा तोच पण डब्ल्यू नसेल, तर त्या भावात सहसा विनाड्रायव्हरची सोयही नसते. दुकानात दोन्ही खोकी शेजारी ठेवलेली असतात आणि किमतीतला फरक पाहून हात स्वस्ताकडे जातो. थोडे पैसे वाढवून डब्ल्यूवालं घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो.

‘विनाड्रायव्हर’ म्हणजे आत नेमकं काय होतं?

लिनक्सवरची छपाई ‘कप्स’ नावाची यंत्रणा सांभाळते. मायकेल स्वीट यांनी ती लिहायला घेतली आणि १९९९ मध्ये ती लोकांपुढे आली. ॲपलने ती आपल्या मॅकमध्ये घेतली, २००७ मध्ये तिचे हक्कही विकत घेतले. २०१९ च्या अखेरीस स्वीट ॲपलमधून बाहेर पडले आणि त्यानंतर तिचा पुढचा विकास ‘ओपनप्रिंटिंग’ गटाकडे आला. मॅक आणि लिनक्स या दोघांची छपाई मुळात एकाच घराण्यातली असल्यामुळे एअरप्रिंटचा फायदा आपल्याला इतका थेट मिळतो.

विनाड्रायव्हर प्रिंटर नेटवर्कवर स्वतःची जाहिरात करतो. कप्स त्याला आयपीपी या प्रमाण पद्धतीने विचारतं, “तुला काय काय येतं?” प्रिंटर आपली क्षमता सांगतो. मग कप्स पान पीडीएफ किंवा ठरलेल्या रास्टर (ठिपक्यांच्या) स्वरूपात पाठवतं. कंपनीच्या खास प्रोग्रामची गरज कुठेच लागत नाही, त्यामुळे कंपनीने ते मॉडेल विसरून टाकलं तरी आपलं काम चालू राहतं.

मायक्रोसॉफ्टही याच दिशेने निघालं आहे. कंपन्यांचे वेगवेगळे प्रिंटर-ड्रायव्हर विंडोजवर टप्प्याटप्प्याने बंद करून आयपीपीकडे वळण्याची योजना त्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केली. म्हणजे आज विनाड्रायव्हर यंत्र घेतलं, तर उद्या ऑफिसातल्या विंडोजवाल्यांचीही सोय झाली.

पण मुळात प्रिंटरच इतका त्रास का देतो?

कारण स्वस्त प्रिंटर स्वतः फारसं काही करत नाही. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या पानाचं वर्णन करणाऱ्या भाषा समजणाऱ्या प्रिंटरला पानाचं वर्णन दिलं की तो आपला आपण पान रचतो. स्वस्त लेसर प्रिंटरमधून हा भाग काढून टाकतात आणि सगळी रचना संगणकाकडून करून घेतात. तयार ठिपके ज्या स्वरूपात प्रिंटरला पाठवायचे ते स्वरूप कंपनी स्वतःपुरतं ठेवते. ते माहीत असलेला एकमेव प्रोग्राम म्हणजे कंपनीचा ड्रायव्हर, आणि तो बहुधा विंडोजसाठीच लिहिलेला असतो.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचं मूळही एका प्रिंटरपाशीच आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा एक लेसर प्रिंटर आला. तो अडकला की सगळ्यांना सूचना जावी, एवढी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. आधीच्या प्रिंटरवर त्यांनी तसं केलंही होतं. या वेळी मात्र प्रोग्रामचा मूळ मजकूर (सोर्स कोड) त्यांना नाकारण्यात आला. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी कुणालाही वापरता-बदलता येईल अशी मुक्त कार्यप्रणाली बनवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. ज्या यंत्राचे पैसे आपण मोजले त्याच्याशी बोलायची रीत आपल्यापासून लपवलेली असणं, ही तेव्हाची तक्रार आजही तितकीच खरी आहे, असं मला वाटतं.

खोक्यावर ‘लिनक्स’ लिहिलंय. मग पुरे ना?

अर्धवट पुरे. त्याचा अर्थ सहसा इतकाच, की कंपनीच्या संकेतस्थळावर लिनक्ससाठी एक फाइल ठेवलेली आहे. ती कोणत्या प्रोसेसरसाठी आहे ते बघा. बऱ्याच फाइली इंटेल-एएमडीच्या संगणकापुरत्या असतात, एआरएम प्रोसेसरच्या ‘रास्पबेरी पाय’ या छोट्या संगणकावर चालत नाहीत. ती शेवटची कधी बदलली तेही बघा. ३२-बिटची जुनी लायब्ररी (पूरक प्रोग्राम-संच) मागणारा ड्रायव्हर आज कसाबसा बसला तरी पुढच्या आवृत्तीत हमखास अडकतो. आणि ती छपाईपुरती आहे की स्कॅनिंगलाही, हे वेगळं तपासा.

मूळ मजकुरासह मुक्त असलेला आणि डेबियन (हाही लिनक्सचा एक प्रकार) किंवा फेडोराच्या भांडारात, म्हणजे त्यांच्या अधिकृत प्रोग्राम-साठ्यात, आधीच असलेला ड्रायव्हर मला मूळ मजकूर न देणाऱ्या कंपनीच्या बंद फाइलीपेक्षा कितीतरी भरवशाचा वाटतो.

दुकानातच लावून बघता येतं का?

येतं, आणि बघावंच. आपला लिनक्सचा लॅपटॉप सोबत न्या. तो नसेल तर मिंट किंवा उबंटू पेनड्राइव्हवर घ्या आणि कोणताही संगणक त्यावरून चालू करा. इन्स्टॉल काहीच करावं लागत नाही.

प्रिंटर यूएसबीने जोडा, चालू करा आणि मिनिटभर थांबा. सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटर्स’ उघडलं आणि नाव आपोआप आलेलं दिसलं, तर अर्धी लढाई जिंकली. चाचणीचं पान काढाच, पण त्यावर भागवू नका. एक मराठी पीडीएफ सोबत ठेवा, तिची दोन पानं काढा, प्रिंटर दोन्ही बाजूंनी छापणारा असेल तर तसं छापून बघा. त्यानंतर ‘डॉक्युमेंट स्कॅनर’ हा प्रोग्राम उघडा आणि काचेवर दुकानाचंच बिल ठेवून ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा. वर कागद ओढून घेणारा फीडर असेल तर त्यातून पाच-सहा कागद एका दमात जाऊ द्या. काचेवरून स्कॅन होतं आणि फीडरमधून होत नाही, असं घडतं.

ऑनलाइन घेत असाल तर परत करण्याची मुदत आधी वाचा आणि खोकं आलं त्याच दिवशी हे सगळं करा.

फक्त यूएसबी असलेला प्रिंटरही विनाड्रायव्हर चालू शकतो का?

हो, काही चालतात. यूएसबीच्या तारेवरूनही आयपीपी बोलण्याची पद्धत ठरलेली आहे, आणि लिनक्सवर ते काम ‘आयपीपी-यूएसबी’ नावाचा छोटा प्रोग्राम करतो. अलीकडच्या उबंटू, डेबियन आणि फेडोरात तो मिळतो. यंत्राला हे येतं का ते ओळखण्याची खूण पक्की आहे: टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा सविस्तर माहितीसह (lsusb -v) चालवली की प्रत्येक इंटरफेसखाली क्लास, सबक्लास आणि प्रोटोकॉल असे तीन आकडे दिसतात. ७, १ आणि ४ असे आकडे दिसले की यंत्र यूएसबीवरून आयपीपी बोलतं. फक्त ७, १, २ दिसत असेल तर तो नेहमीचा प्रिंटर, त्याला ड्रायव्हर लागणार.

एक खबरदारी. हा प्रोग्राम यंत्र पूर्णपणे आपल्या ताब्यात घेतो. तो चालू असताना कंपनीचा जुना ड्रायव्हर त्याच यूएसबीवरून बोलायला गेला, तर त्याला यंत्र सापडत नाही. दोन्ही वाटांनी एकाच वेळी जाऊ नका.

आमच्याकडे एचपी लेसरजेट १०२०, पी१००७ किंवा पी१००८ आहे. दिवा लागतो, काम ‘पूर्ण’ म्हणतं, पण कागदच हलत नाही. का?

हे प्रिंटर आपल्याकडे सेतू केंद्रांपासून वकिलांच्या ऑफिसांपर्यंत सगळीकडे आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या यंत्रांत फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारा आतला प्रोग्राम, कायमचं साठवलेलं नसतं. प्रिंटर बंद केला की ते पुसलं जातं, आणि पुन्हा चालू केल्यावर संगणकाने ते पाठवावं लागतं. विंडोजचा ड्रायव्हर हे गुपचूप करतो, म्हणून आपल्याला कधी कळलंच नाही. लिनक्सवर फर्मवेअर पोचलं नाही, तर प्रिंटर नुसता जागा दिसतो, पण आलेल्या पानाचं काय करायचं ते त्याला कळत नाही.

यावर दोन वाटा आहेत. पहिली एचपीच्या स्वतःच्या ‘एचपीलिप’ संचाची. तो भांडारात असतो. इन्स्टॉल केल्यावर ‘एचपी-सेटअप’ चालवायचं, आणि ते ‘प्लगइन’ (पूरक भाग) मागेल तेव्हा इंटरनेटवरून उतरवू द्यायचं. फर्मवेअर त्या प्लगइनमध्येच असतं. एचपीलिपची आवृत्ती आणि प्लगइनची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. सिस्टिम अपडेट केल्यावर चालता प्रिंटर अचानक गप्प झाला, तर ‘एचपी-प्लगइन’ पुन्हा चालवा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

दुसरी वाट ‘फू-टू-झेडजेएस’ या मुक्त ड्रायव्हरची. रास्पबेरी पायसारख्या यंत्रावर ती सोयीची पडते. मात्र दोन्ही ड्रायव्हर एकाच संगणकावर ठेवू नका. एकमेकांच्या पायात पाय घालतात.

आणि कॅनन एलबीपी २९००बी?

लिनक्ससाठी म्हणून नव्याने घेऊ नका, जुना मिळाला तरी. हा प्रिंटर ‘कॅप्ट’ नावाच्या कॅननच्या खास पद्धतीने बोलतो. कॅननचा लिनक्स ड्रायव्हर आहे, पण जुना आहे, ३२-बिटच्या लायब्रऱ्या मागतो आणि मागे एक वेगळी सेवा सतत चालू ठेवावी लागते. स्वयंसेवकांनी ती पद्धत उलगडून एक मुक्त ड्रायव्हरही लिहिला आहे, ते काम कौतुकाचं आहे. पण रोज शंभर पानं काढणाऱ्या ऑफिसने त्यावर विसंबावं असं मी म्हणणार नाही. घरात यंत्र आहेच आणि टोनर स्वस्तात भरून मिळतो म्हणून ठेवायचंय, तर एका जुन्या संगणकावर विंडोज राहू द्या आणि छपाईपुरता तो वापरा.

टाकीवाले रंगीत प्रिंटर चालतात का?

एपसनच्या एल मालिकेची स्थिती चांगली आहे. ‘ईएससी/पी-आर’ हा एपसनचाच ड्रायव्हर मुक्त परवान्याखाली आहे आणि डेबियन-उबंटूच्या भांडारात मिळतो. एल३११० सारखा निव्वळ यूएसबीचा प्रिंटर त्याने व्यवस्थित छापतो. स्कॅनिंगसाठी एपसनच्या संकेतस्थळावरून ‘एपसन स्कॅन २’ वेगळं घ्यावं लागतं. यूएसबीवर ते पुरतं, पण वाय-फायवरून स्कॅन करायचं असेल तर त्याच्याबरोबरचा मुक्त नसलेला प्लगइनही लागतो.

नोझल तपासणी आणि हेड-सफाई यंत्रावरच्या बटणांनीही करता येते. कोणती बटणं किती वेळ दाबायची ते पुस्तिकेत दिलेलं असतं, त्यासाठी विंडोजची गरज नाही. टाकीवाला कुठलाही प्रिंटर आठवड्यातून एकदा तरी रंगीत पान काढून चालता ठेवा. मे महिन्याच्या सुट्टीत शाळा बंद राहते आणि जूनमध्ये हेड वाळलेलं सापडतं. त्यात लिनक्सचा काही दोष नसतो.

ब्रदरचं काय?

काळ्या-पांढऱ्या लेसरसाठी उत्तम. कंपनीचे लिनक्स ड्रायव्हर मिळतातच, शिवाय ‘बीआरलेसर’ हा मुक्त ड्रायव्हर एचएल-१११० आणि डीसीपी-एल२५२०डी मालिकेसारखी बरीच मॉडेलं सांभाळतो आणि रास्पबेरी पायवरही चालतो. स्कॅनरला मात्र कंपनीचं ‘बीआरस्कॅन’ लागतं आणि ते मुक्त नाही. यंत्र वाय-फायचं आणि अलीकडचं असेल तर त्याचीही गरज पडत नाही.

प्रिंट होतं, स्कॅन होत नाही. एकाच यंत्रात असं कसं?

खोकं एक असलं तरी लिनक्सच्या दृष्टीने ती दोन स्वतंत्र यंत्रं आहेत. छपाई कप्सकडे, स्कॅनिंग ‘सेन’ नावाच्या वेगळ्या यंत्रणेकडे. एकाचा ड्रायव्हर बसवल्याने दुसऱ्याला काहीच मिळत नाही. म्हणून ऑल-इन-वन घेताना दोन वेगळे प्रश्न विचारा आणि दोन वेगळी उत्तरं मिळवा.

इथेही विनाड्रायव्हरची वाट आहे. एअरप्रिंटवाल्या बहुतेक ऑल-इन-वन यंत्रांना ‘ईएससीएल’ ही स्कॅनिंगची पद्धत येते. ‘सेन-एअरस्कॅन’ हे पॅकेज बसवलं की अशी यंत्रं, आणि विंडोजची ‘डब्ल्यूएसडी’ पद्धत बोलणारीही, स्कॅनरच्या यादीत आपोआप येतात. हे पॅकेज आणि आधी सांगितलेला आयपीपी-यूएसबी हे दोन्ही अलेक्झांडर पेव्हझनर यांनी लिहिलेले आहेत. गेल्या काही वर्षांत लिनक्सवरचं स्कॅनिंग सोपं झालं त्यात या दोन छोट्या प्रोग्रामांचा वाटा फार मोठा आहे, आणि वापरणाऱ्यांतल्या बहुतेकांना त्यांची नावंही ठाऊक नाहीत.

नुसता सपाट स्कॅनर घ्यायचाय. यादी कशी वाचायची?

सेन प्रकल्पाच्या संकेतस्थळावर कंपनीवार यादी आहे. प्रत्येक मॉडेलपुढे एक शेरा असतो. ‘कम्प्लीट’ आणि ‘गुड’ असेल तर बिनधास्त घ्या. ‘बेसिक’ म्हणजे स्कॅन होईल पण काही सोयी मिळणार नाहीत. ‘मिनिमल’ आणि ‘अनटेस्टेड’ला पैसे घालू नका. ‘अनसपोर्टेड’ म्हणजे विषय संपला. शेऱ्याशेजारचा यूएसबी क्रमांकही बघा. एकाच नावाने विकलेल्या दोन स्कॅनरांच्या आत वेगवेगळी चिप असू शकते, आणि खरी ओळख क्रमांकातच असते.

कॅननचे लाइड मालिकेतले पातळ स्कॅनर तारेतूनच वीज घेतात आणि बॅगेत मावतात. त्यांतले लाइड ११०, १२०, २१० आणि २२० सेनच्या ‘जेनेसिस’ भागाने चालतात, तर लाइड ३०० आणि ४०० ‘पिक्समा’ भागाने. ३०० आणि ४०० साठी सेनची आवृत्ती फार जुनी नको.

गठ्ठ्याने कागद ओढणारे फुजित्सूचे स्कॅनर सेनमध्ये जुन्या काळापासून चांगले सांभाळले आहेत. स्कॅनस्नॅप एस१३००आय सारख्या छोट्या मॉडेलांना मात्र फर्मवेअरची फाइल कंपनीच्या विंडोज सीडीतून काढून योग्य जागी ठेवावी लागते.

यादीत नाव नसेल आणि स्कॅनर घरात असेल, तर ‘व्ह्यूस्कॅन’ हा विकतचा प्रोग्राम खूप जुने स्कॅनर चालवतो. तो मुक्त नाही, पण चालू स्कॅनर भंगारात जाण्यापेक्षा बरं.

स्कॅनर जोडलाय, पण प्रोग्रामला सापडत नाही.

‘सेन-फाइंड-स्कॅनर’ आणि ‘स्कॅनइमेज’ची यादी दाखवणारी आज्ञा, या दोन्ही चालवा. पहिलीला यंत्र दिसतं आणि दुसरीला दिसत नाही, तर त्या मॉडेलचा ड्रायव्हर नाही किंवा सेटिंग फाइलीत तो बंद आहे. आज्ञेपुढे ‘सुडो’ (व्यवस्थापकाचे अधिकार देणारा शब्द) लावून दिसतं आणि एरवी दिसत नाही, तर अडचण परवानगीची: आपल्या वापरकर्त्याला ‘स्कॅनर’ किंवा ‘एलपी’ गटात घाला, लॉग-आउट करून परत या. दोन्हींना दिसत नाही तर तार बदला. जुना स्कॅनर निळ्या यूएसबी ३ पोर्टवर अडून बसतो आणि काळ्या यूएसबी २ वर लगेच चालतो, हेही नेहमीचं आहे.

वाय-फायवर फोनला प्रिंटर दिसतो, संगणकाला नाही.

दोघं एकाच वाय-फायवर आहेत ना? पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत, आणि काही राउटरमध्ये ‘आयसोलेशन’ नावाची सेटिंग असते तीही हेच करते. दुसरा संशयित फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणारी माहिती अडवणारी सोय. प्रिंटरची जाहिरात यूडीपीच्या ५३५३ पोर्टवर येते. फायरवॉलमध्ये या जाहिरातीच्या पद्धतीला, ‘एमडीएनएस’ला, परवानगी द्या, आणि ती ऐकणारी ‘अवाही’ ही सेवा चालू आहे का बघा.

नव्या यंत्राला पहिल्यांदा वाय-फायचा पासवर्ड देताना कंपनी फोनचं ॲप घ्यायला लावते. त्या एका वेळेपुरतं ते घेतलं तरी चालेल. राउटरवर डब्ल्यूपीएसचं (पासवर्ड न टाकता यंत्र जोडायचं) बटण असेल तर तेवढंही लागत नाही.

मराठी मजकूर छापताना चौकोन येतात किंवा जोडाक्षरं तुटतात.

आधी तोच कागद ‘प्रिंट टू फाइल’ने पीडीएफ करून बघा. पीडीएफमध्येच मोडलं असेल तर प्रिंटर निर्दोष आहे. फॉन्ट तपासा: ‘नोटो’, ‘लोहित’ किंवा ‘मुक्त’ यांसारखा युनिकोड देवनागरी फॉन्ट बसवा. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेली फाइल असेल, तर तो फॉन्ट नसताना ती इंग्रजी अक्षरांची खिचडीच दिसणार. ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते.

पीडीएफ ठीक दिसते आणि कागदावर मोडते, असं झालं तर प्रिंटच्या खिडकीत ‘इमेज म्हणून छापा’ हा पर्याय वापरा.

टीव्हीएस किंवा एपसनच्या डॉट मॅट्रिक्सवर बिलं छापणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे प्रिंटर नुसता मजकूर पाठवला की स्वतःच्या पोटातली अक्षरं वापरतात, आणि तिथे सहसा देवनागरी नसते. मराठी बिल हवं तर कप्समध्ये एपसन ९-पिन किंवा २४-पिन ड्रायव्हर निवडून चित्र म्हणूनच छापावं लागेल. वेग कमी होतो, पण अक्षर अचूक येतं.

आणि कागदाचं माप ए४ ठेवा. काही ठिकाणी अमेरिकेचं ‘लेटर’ मूळ सेटिंग म्हणून बसतं. ते रुंदीला जास्त आणि उंचीला कमी, २१६ बाय २७९ मिलिमीटर. ए४ आहे २१० बाय २९७. खालची ओळ कापली जाते किंवा प्रिंटर कागद मागत थांबून राहतो, त्यामागे पुष्कळदा एवढंच असतं.

स्कॅन केलेल्या मराठी पानातून मजकूर काढता येतो का?

येतो, आणि लिनक्सवर त्यासाठी एक पैसाही लागत नाही. ‘टेसरॅक्ट’ हा अक्षरं ओळखणारा प्रोग्राम मुळात एचपीत तयार झाला, २००५ मध्ये मुक्त झाला. त्याची मराठीची भाषा-फाइल भांडारात वेगळी मिळते, ती बसवायला विसरू नका. हिंदीची फाइल लावून मराठी वाचायला दिलं तर मराठीच्या खास शब्दांवर तो जास्त चुकतो. कागदावर इंग्रजीही असेल तर मराठी आणि इंग्रजी दोन्ही एकत्र द्या.

पान ३०० डीपीआयला, करड्या रंगात स्कॅन करा. शुद्ध काळं-पांढरं केलं तर जुन्या छपाईतली शिरोरेषा तुटते, अनुस्वार उडतो आणि अर्थ बदलतो. ‘ओसीआरमायपीडीएफ’ हे हत्यार स्कॅनच्या मागे अदृश्य मजकूर बसवतं. पान जसंच्या तसं दिसतं, पण आत शोधता येतं. गावोगावच्या वाचनालयांत जुन्या मासिकांचे आणि स्मरणिकांचे गठ्ठे वाळवीची वाट बघत पडले आहेत. एक लाइड स्कॅनर, जुना लॅपटॉप आणि हे दोन प्रोग्राम, एवढ्यावर ते काम सुरू करता येतं. हाताने तपासावं लागेलच, हस्तलिखित तर त्याला वाचताच येणार नाही, पण छापील पानाचं बरंच टायपिंग टळतं.

ऑफिसात एकच जुना यूएसबी प्रिंटर आहे. सगळ्यांना वापरायचाय.

रास्पबेरी पाय किंवा कुठलाही जुना संगणक घ्या, त्यावर कप्स बसवा, प्रिंटर त्याला जोडा आणि ‘शेअर’ करा. ब्राउझरमध्ये त्या संगणकाच्या पत्त्यापुढे ६३१ पोर्ट दिला की सगळी व्यवस्था वेबपानावरून होते. त्यानंतर तो जुना प्रिंटर नेटवर्कवर एअरप्रिंट प्रिंटरसारखा दिसू लागतो आणि फोनवरूनही छापतो. स्कॅनरसाठी हेच काम ‘एअरसेन’ करतं. अट एकच: यंत्राचा ड्रायव्हर मुक्त हवा, म्हणजे पायच्या प्रोसेसरवर तो चालेल.

कप्समध्ये सुरक्षेचा दोष सापडला होता ना?

हो, सप्टेंबर २०२४ मध्ये नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणाऱ्या ‘कप्स-ब्राउझ्ड’ या जोडसेवेत गंभीर त्रुटी उघड झाल्या. दुरुस्त्या आल्या आहेत. सिस्टिम अपडेट ठेवा, ६३१ पोर्ट राउटरवरून बाहेर उघडू नका, आणि ती सेवा लागत नसेल तर बंद करा. घरातल्या बहुतेकांना ती लागत नाही.

पुढच्या कप्समध्ये ड्रायव्हरच नसणार म्हणे. मग आमचे जुने प्रिंटर?

कप्स ३ मध्ये जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर काढून टाकण्याचं ठरलं आहे, हे खरं. पण त्याच ड्रायव्हरांना ‘प्रिंटर ॲप्लिकेशन’ या नव्या वेष्टनात बसवण्याचं काम टिल कॅम्पेटर आणि त्यांचा ओपनप्रिंटिंग गट करत आला आहे. असं ॲप्लिकेशन जुन्या प्रिंटरच्या वतीने आयपीपी बोलतं, त्यामुळे कप्सला तो नव्यासारखाच दिसतो. गुटेनप्रिंट, घोस्टस्क्रिप्ट आणि एचपीलिप या मुक्त ड्रायव्हर-संचांची अशी रूपं तयार आहेत. ज्यांचा ड्रायव्हर मुक्त आहे त्यांनी काळजी करू नये. बंद फाइलीवर चालणाऱ्या प्रिंटरांबद्दल तसं म्हणता येणार नाही.

फ्रीबीएसडीवर हे सगळं लागू आहे का?

फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखीच पण वेगळी मुक्त कार्यप्रणाली. कप्स आणि सेन तिथेही आहेत. कंपन्यांचे लिनक्सचे बंद ड्रायव्हर मात्र तिथे सरळ चालत नाहीत. तिथे विनाड्रायव्हर यंत्रच घ्या.

एवढं करूनही अडलं. मदत मागताना काय सांगावं?

“प्रिंटर चालत नाही” एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. यंत्रामागच्या चिकटपट्टीवरचं पूर्ण मॉडेल द्या, पुढच्या-मागच्या अक्षरांसह. जोडणी यूएसबीची की वाय-फायची ते सांगा. लिनक्स कोणतं आणि कितवी आवृत्ती, प्रोसेसर इंटेल-एएमडीचा की एआरएमचा, हेही. छपाईची तक्रार असेल तर ‘एलपीस्टॅट’ने दाखवलेली प्रिंटरांची यादी आणि कप्सच्या एरर-लॉगमधल्या शेवटच्या काही ओळी जोडा. स्कॅनिंगची असेल तर ‘स्कॅनइमेज’ची यादी. पडद्याचा फोटो नको, मजकूरच कॉपी करून द्या, म्हणजे समोरच्याला तो शोधता येईल. आणि यंत्र आधी चालत होतं का, आणि कोणत्या अपडेटनंतर थांबलं, हे आठवत असेल तर सगळ्यात आधी तेच लिहा.